यंत्रावर बोसा नोव्हा: गिटारीत कोंबलेला सांबा पुन्हा मोकळा कसा करायचा

बोसा नोव्हाला इलेक्ट्रॉनिक साज चढवायचा म्हटलं की बहुतेकांची कृती ठरलेली असते. नायलॉनच्या तारांच्या गिटारीचा एक तुकडा घ्यायचा, खाली हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतातला किक, म्हणजे पायढोलाचा ठोका, लावायचा, वर कुजबुजणारा बाईचा आवाज आणि मागे समुद्राच्या लाटा. २००० नंतर कितीतरी वर्षं हॉटेलांच्या लॉब्यांमध्ये आणि कॉफीच्या दुकानांमध्ये हेच वाजत होतं. वाईट नव्हतं. कोणी ऐकत नव्हतं, इतकंच.

यात नेमकं काय हुकतं हे समजायला १९५८ च्या रिओ दि जानेरोत जायला हवं. सांबा हा रस्त्यावरच्या ताफ्याचा ताल: सुर्दो नावाचा मोठा ढोल, छोटं कडक तांबोरिम, खंजिरीच्या जातीचं पांदेइरू, खुळखुळणारा गान्झा. बाहियाहून आलेल्या जुआंव जिल्बेर्तोनं हा अख्खा ताफा एका गिटारीत बसवला. अंगठ्याकडे सुर्दोचं काम आलं, उरलेल्या बोटांकडे तांबोरिमचं. वर तो न थरथरवता, बोलल्यासारखा गायला. तोम जोबिमच्या चाली आणि विनिसियस द मोरायसचे शब्द यांना हा हात मिळाला आणि नवा प्रकार उभा राहिला.

म्हणजे बोसा नोव्हा मुळात आवराआवर करून जन्मलेलं संगीत आहे. आपण संगणकावर ढोल, शेकर, बेस असं एकेक परत आणतो तेव्हा जिल्बेर्तोनं बांधलेलं गाठोडं सोडत असतो. गाठोडं सोडलं आणि गिटारही पूर्वीसारखीच भरगच्च वाजत राहिली, तर प्रत्येक गोष्ट दोनदा वाजते. म्हणून खालच्या सगळ्या कृतीला एकच अट लागू आहे: जे काम यंत्राला दिलं, ते गिटारीकडून काढून घ्यायचं.

आधी कान

चार रेकॉर्ड नीट ऐकल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नका. पहिली, जिल्बेर्तोच्या १९५९ ते १९६१ मधल्या तीन एलपींपैकी कोणतीही. इथे फक्त अंगठा ऐका. तो जवळजवळ कंटाळवाणा वाटावा इतका सरळ चालतो. लपंडाव वरच्या बोटांचा आणि गळ्याचा आहे.

दुसरी, बेबेल जिल्बेर्तोची २००० सालची 'तांतो तेंपो'. बेबेल ही जुआंव आणि गायिका मियूशा यांची मुलगी. या रेकॉर्डचा मुख्य निर्माता सूबा, म्हणजे मितार सुबोतिच, हा नोव्ही सादचा सर्बियन माणूस. नव्वदच्या दशकात तो साव पाउलोत स्थायिक झाला होता. नोव्हेंबर १९९९ मध्ये घराला लागलेल्या आगीत तो गेला, रेकॉर्ड त्यानंतर बाजारात आली. सूबाची युक्ती अशी की तो ताल दाट करत नाही, तालाच्या मागची हवा बदलतो. बारीक खरखर, हळूहळू उघडणारा फिल्टर, दूर कुठेतरी उलटा वाजणारा सूर. गिटार आणि गळा मात्र अगदी पुढे, कोरडे. हेडफोन लावून ऐकलं तर किती कमी वस्तूंत काम भागवलंय हे पाहून आश्चर्य वाटेल.

तिसरी, रिओच्या बोसाकुकानोवा या त्रिकुटाची 'ब्राझिलिदाजी' (२००१). त्यातला मार्सियो मेनेस्काल हा बोसा नोव्हाच्या पहिल्या फळीतल्या रोबेर्तो मेनेस्कालचा मुलगा, आणि या रेकॉर्डवर बाप स्वतः गिटार वाजवतो. एका घरातले दोन काळ एकत्र वाजताना ऐकायला मिळतात. चौथी गोष्ट साव पाउलोची: डीजे मार्की, डीजे पातीफे, फर्नांदा पोर्तो यांचं ड्रम अँड बेस, म्हणजे वेगवान, तुटक तालाचं इलेक्ट्रॉनिक संगीत. ते का जमून आलं त्याचं कारण वेगात आहे, पुढे येईलच.

फ्रान्सच्या नूव्हेल व्हागनं २००४ मध्ये उलटा प्रवास केला, पंक आणि न्यू वेव्हची गाणी बोसाच्या चालीत आणली. मजेशीर आहे, पण या कामासाठी त्यातून फारसं शिकायला मिळत नाही.

सोळा घरं

ब्राझीलमध्ये हे संगीत २/४ मध्ये लिहितात. संगणकावर ४/४ ठेवा आणि दोन बार (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) मिळून आठव्या भागांची सोळा घरं धरा; प्रत्येक बारमध्ये आठ. बोसाचा पाठ्यपुस्तकी रिम-नमुना (ड्रमच्या कडेवरच्या काठीच्या ठोक्यांचा क्रम) या घरांमध्ये असा बसतो: १, ४, ७, ११, १४. तोंडानं म्हणायचं तर

ठक – – ठक – – ठक – | – – ठक – – ठक – –

टाळी वाजवत हे इतक्यांदा म्हणा की मोजावं लागू नये. पुष्कळ जण याला 'बोसा क्लावे' म्हणतात. क्यूबाच्या संगीतात क्लावे म्हणजे मोडायचा नाही असा नियम. ब्राझीलचे वादक मात्र हा नमुना सर्रास बदलतात, दोन अर्धे उलटेपालटे करतात, एखादी ठक गिळतात. तेव्हा याला सुरुवातीचा आधार समजा. चार मिनिटांच्या गाण्यात तोच लूप अथपासून इतिपर्यंत फिरवलात तर दुसऱ्या मिनिटाला तो लूप आहे हे कळतं.

किकचा मूळ नमुना प्रत्येक बारमध्ये १, ४, ५, ८ असा: धुम – – धु धुम – – धु. यात एक गोष्ट आपल्या कानाला सवयीची नाही. तीनतालात वाढलेल्या माणसाला पहिल्या मात्रेवर सम आणि तिथेच वजन अपेक्षित असतं. सांबात मोठ्या सुर्दोचं वजन दुसऱ्या ठोक्यावर असतं, म्हणजे आपल्या मोजणीत पाचव्या आणि तेराव्या घरात. पहिलं घर हलकं, पाचवं जड. पहिल्या घरावर दणका दिलात तर बाकी सगळं बरोबर असूनही ते मार्चिंग बँडसारखं वाटतं.

वेग कोणता?

वेग ठरवणं म्हणजे कोणत्या कुळात जायचं ते ठरवणं.

१०० ते ११५ बीपीएम (मिनिटाला ठोके): संथ, खुर्चीत बसून ऐकायचं. सूबाच्या वळणाचं काम इथे जमतं. नवख्यानं इथूनच सुरुवात करावी, कारण चुका स्पष्ट ऐकू येतात.

१२० ते १२६: हाउस. चौकोनी किक प्रत्येक ठोक्यावर, म्हणजे १, ३, ५, ७ या घरांत पडतो. पण सांबाच्या लेखी तिसरं आणि सातवं घर हे ठोक्याचे नाहीतच, ते ठोक्यांच्या मधले. तिथे तितक्याच जोराचा किक बसला की डौल जातो. हॉटेल-लॉबी बोसाचं दुखणं नेमकं हे. उपाय सोपा आहे. चारही किक ठेवा, पण ३ आणि ७ वरचे चार ते सहा डेसिबलनं खाली आणा आणि पाचव्या घरावरचा किक थोडा लांब, थोडा खालच्या सुराचा करा. नाचणाऱ्याला चार ठोके मिळतात, ऐकणाऱ्याला सुर्दो.

१७० ते १७६: ड्रम अँड बेस. १७४ चा वेग २/४ मध्ये मोजला तर ८७ होतो, आणि ही जवळपास सांबाची चाल आहे. त्यामुळे साव पाउलोच्या डीजेंना गिटार ओढूनताणून बसवावी लागली नाही. मार्की आणि एक्सआरएस यांचं 'एलके' हे गाणं जॉर्जी बेन आणि तोकिन्यो यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणातल्या गिटारीवर उभं आहे, आणि २००२ मध्ये ते ब्रिटनच्या टॉप २० मध्ये गेलं. या वेगात गिटार मात्र अगदी विरळ ठेवावी लागते. ब्रेकबीट, म्हणजे या संगीतातला तुटक ड्रमताल, स्वतःच इतका बडबड्या असतो की पाच ठकांपैकी तीनही पुरतात.

गिटार: आधी ती, मग बाकी सगळं

ड्रम प्रोग्रॅम करून त्यावर गिटार वाजवू नका. क्रम उलटा ठेवा. साध्या मेट्रोनोमवर गिटार रेकॉर्ड करा आणि यंत्राला तिच्या मागे चालवा.

गिटार नायलॉनच्या तारांची हवी. स्टीलच्या तारांवर हेच कॉर्ड वाजवले तर वरच्या पट्ट्यात चकाकी येते आणि गळ्याशी भांडण होतं. पिक नको, स्ट्रमिंग नको. अंगठा खालचा सूर वाजवतो, तर्जनी-मधलं-अनामिका तीन तारा एकदम चिमटल्यासारख्या उचलतात. एकच मायक्रोफोन, बाराव्या पट्टीसमोर सुमारे ३० सेंटिमीटरवर, साउंडहोलकडे तोंड न करता. भोकासमोर धरला की ८० ते १२० हर्ट्झचा फुगवटा येतो आणि तो नंतर काढताना गिटारीचा जीव जातो. पंखा बंद. एसीही बंद. चार मिनिटं घाम येऊ द्या.

गिटार येत नसेल तर सॅम्पल लायब्ररी चालते, पण अंगठा आणि बोटं वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवा. हे फार उपयोगाचं आहे, कारण पुढे बेस आला की अंगठ्याचा ट्रॅक अख्खा बंद करता येतो. बोटांचे तीन सूर एकाच क्षणी ठेवू नका. पाच-सात मिलिसेकंदांचा फरक द्या. व्हेलॉसिटी, म्हणजे सुराचा जोर, ५५ ते ८० च्या मध्ये. सूर आखूड तोडा, कारण खरा वादक डाव्या हाताची पकड ढिली करून तो दाबून टाकत असतो. मधल्या शांततेवरच ताल उभा असतो.

आणखी एक खूण: कॉर्ड बदलायचा असेल तर तो नव्या बारच्या पहिल्या घरात बदलत नाही. आधीच्या बारच्या शेवटच्या घरातच बोटं नव्या कॉर्डवर उडी मारतात. अंगठा मागाहून, वेळेवर येतो. संगणकावर सगळे कॉर्ड बारच्या रेघेवर सुरू केले असतील, तर बोटांचा ट्रॅक निवडा आणि प्रत्येक बदल एक घर मागे सरकवा. एवढ्या एका बदलानं कधी कधी अख्खं गाणं जागं होतं.

सुरावटीची बैठक

साधे मेजर-मायनर कॉर्ड इथे उघडे वाटतात. मेजर सेव्हन, सिक्स-नाइन, मायनर नाइन, थर्टीन यांची सवय करा. बेस मूळ सूर वाजवणार असेल तर गिटारीतून तो काढून टाका. तीन किंवा चार सूर पुरेत.

जोबिमची एक जागा हातात घेऊन पाहा, म्हणजे ही विद्या लगेच समजेल. वरचा सूर 'डी' धरून ठेवा आणि खाली क्रमानं बी मायनर सेव्हन, बी फ्लॅट सेव्हन, ए मायनर सेव्हन, ए फ्लॅट सेव्हन फ्लॅट फाइव्ह वाजवा. बेस अर्ध्या-अर्ध्या स्वरानं उतरतो, वरचा सूर हलत नाही, तरीही प्रत्येक वेळी त्याचा रंग वेगळा दिसतो. एका सुरावर केलेल्या त्याच्या प्रसिद्ध सांबाची सुरुवात हीच. इलेक्ट्रॉनिक मांडणीत हा प्रकार सोन्यासारखा आहे: तो स्थिर सूर सिंथवर धरा, त्याचा फिल्टर सोळा बारमध्ये हळूहळू उघडा, खाली गिटार उतरत राहू द्या. वेगळ्या पॅडची, म्हणजे मागे धरलेल्या लांब सुरांच्या थराची, गरज उरत नाही.

ताल प्रोग्रॅम करताना

मोह इथे सगळ्यात जास्त होतो. ब्राझिलियन वाद्यांचा सॅम्पल पॅक मिळतो, त्यात क्विका असते, अगोगो असतं, शिट्टीसुद्धा असते, आणि आपण सगळं ओततो. तो मग कार्निव्हल होतो, बोसा राहत नाही.

माझा क्रम असा. आधी शेकर: सोळाही घरांत, अगदी हळू, १, ५, ९, १३ वर किंचित जोर. मग रिम किंवा तांबोरिम वरच्या पाच घरांमध्ये. हे आल्याबरोबर गिटारीकडे परत जा आणि जिथे दोघं एकाच घरात वाजतायत तिथे एकाला गप्प करा. मी सहसा रिमला गप्प करतो आणि गिटार ठेवतो, पण गाण्याच्या मधल्या भागात उलटंही करून पाहा: गिटारीनं फक्त लांब कॉर्ड धरायचे आणि यंत्रानं तिचा ताल बोलायचा. किक सगळ्यात शेवटी. तोही मऊ, ५० ते ६० हर्ट्झच्या आसपासचा, वरची टिचकी कापलेला. स्नेअर नको. टाळीचा आवाज तर नकोच.

आता डौलाची गोष्ट. सॉफ्टवेअरमधलं स्विंगचं बटण सम आकड्यांच्या (२, ४, ६...) घरांना उशीर करतं. ती जॅझ आणि हिप-हॉपची चाल. सांबाचा कल उलटा असतो. चार घरांच्या गटात तिसरं आणि चौथं घर किंचित लवकर येतं, जणू पुढच्या ठोक्याकडे झुकल्यासारखं. म्हणून स्विंग शून्यावर ठेवा आणि शेकर व रिमची ३, ४, ७, ८, ११, १२, १५, १६ ही घरं हातानं ८ ते १५ मिलिसेकंद मागे, म्हणजे आधी, सरकवा. १, ५, ९, १३ ग्रिडवरच राहू द्या. एबलटन लाइव्ह वापरत असाल तर आणखी चांगली वाट आहे: रेकॉर्ड केलेल्या गिटारीतून ग्रूव्ह, म्हणजे ठोके किंचित पुढेमागे पडण्याचा साचा, काढून घ्या आणि तो शेकरला लावा, सत्तर टक्क्यांपर्यंत लावला तरी पुरतो. गिटार क्वांटाइझ करायची नाही, म्हणजे तिचे सूर ओढून ग्रिडवर बसवायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको. पण सांगतो, कारण करतात.

बेस

साइन किंवा ट्रायँगल वेव्ह, लो-पास फिल्टर ३०० हर्ट्झच्या आसपास. मूळ सूर पहिल्या घरात, पाचवा सूर पाचव्या घरात, बस. किकमध्ये चौथं आणि आठवं घर असेल तर बेसनं तिथे वाजू नये. बेस आला की अंगठ्याचा ट्रॅक बंद करा किंवा १५० हर्ट्झखाली कापा. साइडचेन (एका आवाजानं दुसरा आपोआप दबणं) लावायचं असेल तर किकनं फक्त बेसला दाबावं. गिटारीला दाबलं की ती धापा टाकायला लागते.

गळा

तोंडापासून आठ-दहा सेंटिमीटरवर मायक्रोफोन, मध्ये पॉप फिल्टर. शेजारी कोणी झोपलंय असं समजून गा. आपल्याकडच्या गायकांना इथे जड जातं, कारण तालमीत आवाज मोकळा सोडायला शिकवतात आणि इथे तो आवरायचा आहे. मुरक्या, मींड, शेवटी कंप हे सगळं बाजूला. सूर सरळ धरायचा आणि शब्द ठोक्याच्या किंचित मागे टाकायचे, पुढच्या ओळीत घाईनं गाठून घ्यायचं. जिल्बेर्तो गिटारीपासून असा सुटायचा की वाटावं चुकला, आणि मग नेमका परत यायचा.

कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबणं) ३:१ पुरेसं, थ्रेशहोल्ड, म्हणजे दाबणं सुरू होण्याची पातळी, असा की तीन-चार डेसिबलच दाबले जावेत. रिव्हर्ब (घुमारा) आखूड प्लेट, एक सेकंदाच्या आत. लांब रिव्हर्ब गळ्यावर टाकला की तो खोलीतून देवळात जातो. हवाच असेल तर सिंथवर टाका.

भाषा? मराठीत किंवा कोकणीत गा. पोर्तुगीजमध्येच गायचं असेल तर उच्चार रिओचे हवेत. गोव्यात पोर्तुगीज जाणणारी जुनी मंडळी आहेत, त्यांची मदत होते, पण त्यांचं वळण लिस्बनकडचं असतं आणि लिस्बनमध्ये शेवटचे स्वर गिळतात. रिओत ते उघडे राहतात आणि शब्दाअखेरच्या 'दि', 'ति' चे 'जी', 'ची' होतात: शहराला लिस्बनचा माणूस 'सिदाद' म्हणेल, रिओचा 'सिदाजी'. बोसाची लय या उघड्या स्वरांवर बसलेली आहे. मराठीत लिहितानाही हेच लक्षात ठेवा. ओळीच्या शेवटी 'त', 'ट', 'क' यांवर आपटणारे शब्द टाळून 'आ', 'ए', 'ओ' वर संपणारे ठेवले तर गळा सहज तरंगतो.

मांडणी आणि मिक्स

पहिले आठ बार गिटार आणि गळा, दुसरं काही नाही. ऐकणाऱ्याला कळू द्या की सगळं यातून निघणार आहे. मग दर आठ बारला एक गोष्ट आत आणि शक्य तर एक बाहेर. ईडीएमसारखी (नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतासारखी) चढण, स्नेअरची भरधाव आणि मग ड्रॉप, हे या संगीतात हास्यास्पद वाटतं. त्याऐवजी दोन बार सगळं बंद करून फक्त शेकर ठेवा. डीजेंसाठी वेगळी आवृत्ती करणार असाल तर सुरुवातीला आणि शेवटी १६ बार नुसता ताल द्या.

मिक्समध्ये गळा आणि गिटार मधोमध, पॅड बाजूंना, २५० हर्ट्झखाली कापलेलं. मोनोमध्ये एकदा, फोनच्या स्पीकरवर एकदा ऐका. फोनवर बेस जाणारच, पण ताल गिटारीतून कळला पाहिजे. कळत नसेल तर गिटारीकडून जास्तच काढून घेतलंय. स्पॉटिफायसारख्या सेवा साधारण उणे १४ लफ्सपर्यंत (लफ्स हे आवाजाच्या पातळीचं माप) आवाज समपातळीत आणतात, त्यामुळे लिमिटरनं चेपून काही हाती लागत नाही. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे १ डेसिबलवर ठेवा.

प्रकाशित करण्याआधी

जुन्या रेकॉर्डचं सॅम्पल घेतलं तर दोन परवानग्या लागतात: एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाची, दुसरी रचनेच्या मालकाची. भारतात रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ब्राझीलमध्ये ७०. जोबिम ८ डिसेंबर १९९४ ला गेला, म्हणजे आपल्याकडे त्याच्या चाली २०५४ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. ध्वनिमुद्रण कितीही जुनं असलं तरी ही दुसरी परवानगी चुकत नाही. ताल आणि प्रचलित कॉर्डक्रम मात्र सगळ्यांचे आहेत. त्यावर स्वतःची चाल बांधा, स्वतःची गिटार वाजवा. गिटार दुसऱ्या कोणी वाजवली असेल तर गाणं वितरकाकडे पाठवण्याआधी मानधन, श्रेय आणि रॉयल्टीतला वाटा लेखी ठरवा, आणि त्याच वेळी गिटारीची कच्ची, क्वांटाइझ न केलेली फाइल वेगळी जपून ठेवा. रीमिक्स मागणारा पहिल्यांदा तीच मागतो.